डोंगरातली सपाटी फुकट मिळत नाही : शीळफाट्याच्या निमित्ताने

पोस्ट मोठी आहे. पण शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून वाचत असाल तर वेळ आहेच तुमच्याकडे.

दरवर्षी पावसाळ्यात एक दिवस असा येतो की शीळफाट्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतात. रस्ता पाण्याखाली, रिक्षा ढकलणारी माणसं, अर्धी बुडालेली बाईक. मग ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. एक जण म्हणतो, नालेसफाईचे पैसे खाल्ले. दुसरा म्हणतो, रस्त्याच्या ठेकेदाराला उलटा टांगा. तिसरा म्हणतो, ढगफुटी झाली हो, त्याला कोण काय करणार! दोन दिवसांनी पाणी ओसरतं, त्याबरोबर चर्चाही ओसरते.

नालेसफाईत पैसे खाल्ले जात नाहीत, असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण उद्या देवमाणूस ठेकेदार आला, त्याने एकूण एक गटार हाताने साफ केलं, तरी शीळ-देसाई-दिवा पट्ट्यात पाणी भरणारच. कारण मूळ प्रश्न गटाराचा नाही, जमिनीचा आहे. ही जमीन कशी तयार झाली हे आपल्या नियोजनकर्त्यांनी कधी विचारलंच नाही. आणि आपणही फ्लॅट बघायला गेल्यावर मॉड्युलर किचन बघतो, खिडकीखालची माती बघत नाही.

एक साधी गोष्ट सांगतो. मी गेली पंधरा वर्षं डोंबिवलीहून महापेला जातो. फाट्यावरून महापेचा चढ लागला की कधीतरी मागे वळून बघा. तुम्ही ज्यावर चढताय ती पारसिकची रांग. समोर पूर्वेला मलंगगड, त्याच्या मागे माथेरानचा डोंगर. आणि या डोंगरांच्या मधे? टेबलासारखी सपाट जमीन. बिल्डरला स्वर्ग वाटावा अशी. आता मला सांगा, चारी बाजूंना कातळाचे डोंगर असताना मधली जमीन इतकी सपाट कुणी केली? जेसीबी येऊन तर तीस-चाळीस वर्षंच झाली.

उत्तर एकच. पाण्याने. डोंगरी मुलखात सपाट जागा दिसली की समजायचं, इथे नदी पसरत होती, तळं साचत होतं किंवा खाडी येत-जात होती. ज्याने जमीन केली त्याचा तिच्यावरचा हक्क एनए ऑर्डरने रद्द होत नाही.

आता थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे साडेसहा कोटी वर्षं.

आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले. हे काम एका झटक्यात झालं नाही. दोन उद्रेकांच्या मधे शांततेचा काळ असायचा, तेव्हा खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशा थरांत एकोणिसाव्या शतकात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. त्या बेडकाला आज इंडोबॅट्राकस म्हणतात. गोड्या पाण्यातल्या कासवाचेही अवशेष मिळाले. म्हणजे आज जिथे टॉवर आहेत तिथे एकेकाळी बेडकं डरांव-डरांव करत होती. नंतर लाव्हा आला आणि तळ्यावर पसरला. मुंबईत तळं बुजवणारा पहिला बिल्डर म्हणजे ज्वालामुखी! त्याच्याकडेही परवानगी नव्हती.

पुढची गंमत बघा. खंडाळ्याच्या घाटात हे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे, पुस्तकांच्या चळतीसारखे दिसतात. पण कल्याण-पनवेलच्या आसपास आले की ते पश्चिमेला, समुद्राकडे कलतात. भूगर्भशास्त्रात याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, म्हणजे जमिनीला पडलेला एक लांबलचक बाक. शीळफाटा याच बाकाच्या पट्ट्यात येतो. पारसिकचे थर पश्चिमेला कललेले आहेत ते त्यामुळेच.

मग नद्या कामाला लागल्या. सह्याद्रीची कडा पूर्वी आजच्यापेक्षा बरीच पश्चिमेला होती. पावसाने आणि नद्यांनी ती पोखरत पोखरत मागे ढकलली, असं अभ्यासक मानतात. माथेरान, प्रबळगड, मलंगगड हे त्या झिजेतून उरलेले तुकडे. मधला माल कुणी वाहून नेला? उल्हास आणि तिच्या बहिणींनी. राजमाचीच्या डोंगरात उगम, मग कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण. वाटेत भातसा आणि काळू येऊन मिळतात. जेमतेम १२२ किलोमीटरची नदी, पण घाटाचा पाऊस पोटात घेऊन येते. वर उतार तीव्र, खाली एकदम सपाट. अशा नदीला खाली आल्यावर पसरायला जागा लागते. ती तिची सवय आहे, खोड नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग आता. साधारण २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा मुंबईचं बंदर म्हणजे कोरडी जमीन. नद्या खोल दऱ्या कापत पार पश्चिमेला जायच्या. मग बर्फ वितळला, समुद्र चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास पोचला. नद्यांनी कापलेल्या खालच्या दऱ्या बुडाल्या. उल्हासचं मुख, ठाण्याची खाडी, तिचे फाटे या सगळ्या बुडालेल्या दऱ्या आहेत. भरतीचं पाणी आत येतं, थबकतं, गाळ खाली बसतो, खारफुटीची मुळं तो धरून ठेवतात. असं हजारो वर्षं रोज दोनदा चाललं आणि दरीचा तळ भरत भरत सपाट झाला. देसाई खाडीच्या दोन्ही बाजूंची जमीन ही अशी जमीन आहे. वरून सपाट, खाली चिखल, त्याच्या खाली बुडालेल्या दरीचा कातळ.

इथल्या जुन्या लोकांना हे कुठल्या पुस्तकाशिवाय कळत होतं. आगरी आणि कोळी समाजाने या जमिनीला खाजण म्हटलं. मातीचे बांध घातले, आत भात पिकवला, कडेला मिठागरं केली. आणि बांधात उघाडी ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, उघाडी म्हणजे बांधातला एकतर्फी दरवाजा. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी रेट्याने तो उघडतं आणि बाहेर पडतं. भरती आली की खाडीच्या रेट्याने तोच दरवाजा बंद होतो, खारं पाणी आत येत नाही. ना वीज, ना पंप, ना टेंडर. उधाण कधी, भांग कधी, हे तिथीवर पाठ. घरं मात्र खाजणात नाहीत, टेपावर. खिडकाळीचं शिवमंदिर आणि त्याच्या शेजारचं तळं बघा. पाण्याला शेजारी म्हणून जागा ठेवलेली आहे. शेजाऱ्याच्या छातीवर घर बांधलेलं नाही.

याच भूमीसाठी महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमीन विकासाचा स्वतंत्र कायदा केला. म्हणजे सरकारदरबारीही माहीत आहे की ही जमीन वेगळी आहे. आणि त्याच जमिनीवर आपण काय केलं? भराव टाकला. डंपरच्या डंपर मुरूम, डेब्रिस, कचरा. खाडीचे फाटे अरुंद केले, ओढ्यांवर स्लॅब टाकले. दिव्याकडचे ओळखीचे एक आगरी काका मला एका नव्या बिल्डिंगच्या पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाले, "यो भराव दिसतंय ना, त्याच्याखाली आमची उघारी व्हती." बस्स. या पट्ट्याच्या पूरसमस्येचा यापेक्षा चांगला अहवाल मी तरी वाचलेला नाही.

शब्दांचा खेळही बघा. आधी नदी असते. मग ती ओढा होते. मग कागदावर 'नाला' होते. नाला झाला की त्याचं 'बंदिस्त गटार' करता येतं, आणि गटाराची जागा बदलता येते! मुंबईत मिठी नदी आहे हे किती जणांना २६ जुलै २००५ च्या आधी माहीत होतं? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसं गेली, तेव्हा कळलं की तो नाला नव्हता. मग महिन्याभरात मिठीसाठी प्राधिकरण. आपल्याकडे वालधुनीचं तेच झालं. अंबरनाथहून उल्हासनगरमार्गे कल्याणला येणारी नदी, आज तिच्या काठच्या पोरांना विचारा, नाला म्हणतील. देसाई खाडीचं नाव अजून 'खाडी' आहे. ते तरी टिकवा.

आता कुणी म्हणेल, एवढी भूगर्भाची भानगड महापालिकेला कशी कळणार? इथेच माझं डोकं फिरतं. कारण हवं तेव्हा सगळं कळतं! बुलेट ट्रेनचा बोगदा आठवा. बीकेसी ते शीळफाटा, २१ किलोमीटर, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. बोगदा जिथे बाहेर येतो ते गाव आपलंच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये घणसोली ते शीळफाटा हा टप्पा आरपार खोदून झाला, मंत्री आले, टाळ्या वाजल्या. या बोगद्यासाठी खाडीच्या तळाखाली कातळ किती खोल, गाळ किती जाड, हे तपासलं गेलंच ना? ट्रेनला चिखलात रुतायचं नसतं म्हणून जमीन वाचली. मग त्याच फाट्यावरच्या माणसाला छातीभर पाण्यात उभं राहायचं नसतं, त्याच्यासाठी कोण वाचणार?

मी एकदा एका सरकारी कार्यालयात आमच्या भागाचा जुना नकाशा मागायला गेलो होतो. ज्यावर ओढे आणि खाजण दाखवलेलं असतं तो. तीन टेबलं फिरवली. शेवटी एक साहेब प्रेमाने म्हणाले, "काय करणार तुम्ही ओढे बघून? आता तिथे काहीच नाही." साहेब, तेच तर! तिथे आता काहीच नाही, म्हणून तर पाणी आमच्या तळमजल्यावर येतं.

जगात हे फक्त आपल्याकडे घडतंय असं नाही. काठमांडूचं खोरं म्हणजे एक प्राचीन सरोवर. मंजुश्रीने तलवारीने चोभारची घळ कापली आणि सरोवर वाहून गेलं अशी तिथली कथा. कथा बाजूला ठेवा, पण तळ्याच्या गाळाचे शेकडो मीटर जाड थर खरोखर आहेत. शहरातल्या एका भागाचं नावच कालीमाटी. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ चा भूकंप आला तेव्हा या मऊ गाळाने हादऱ्याच्या संथ लाटा वाढवल्या, खोरं भांड्यातल्या पाण्यासारखं हेलकावलं. काश्मीरचं खोरंही असंच. सतीसर नावाच्या सरोवराची कथा तिथे आहे आणि करेवा नावाचे तळ्याच्या गाळाचे पठार आजही आहेत, पांपोरचं केशर त्यांच्यावरच पिकतं. जुने लोक करेव्यावर केशर लावत आणि झेलमच्या काठची पाणथळ जागा पुरासाठी सोडत. पुढे पाणथळ जागा भरून वसाहती झाल्या. सप्टेंबर २०१४ ला श्रीनगर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं. आणि आपलं कोकण? परशुरामाने समुद्र मागे हटवून जमीन मिळवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे ही जमीन पाण्याकडून घेतलेली आहे, एवढं आपल्या पूर्वजांच्या लक्षात होतं. आपल्या टाउन प्लॅनिंगच्या लक्षात नाही.

आणि धोका फक्त खाली नाही. वरचे डोंगर कापले की त्यांची माती खाली येते, खाडी उथळ होते, पाणी आणखी वर चढतं. पारसिकच्या खदानींनी डोंगराची काय अवस्था केली आहे ती रस्त्यावरून दिसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. तो इर्शाळगड माथेरान-प्रबळच्याच शेजारचा. दरी आणि डोंगर ही एकच गोष्ट आहे. वर खोदलं तर खाली भोगावं लागतं.

२७ जुलै २०१९ आठवतो? बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी होती. हजाराहून जास्त प्रवासी, एनडीआरएफच्या बोटी, नौदल. टीव्हीवर सगळे म्हणत होते, "उल्हास नदी रुळांवर आली." अहो, नदी तिच्या पूरमैदानात आली होती. रूळ तिथे नंतर आलेत.

४ एप्रिल २०१३ पण आठवा. शीळ-डायघरला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. ती इमारत नदीमुळे पडली नाही, निकृष्ट बांधकामामुळे पडली. पण ज्या कारभाराने तेव्हा "ही इमारत कशी उभी राहतेय" हे विचारलं नाही, तोच कारभार आज "हा भराव कशावर पडतोय" हे विचारत नाही. तेव्हा दिवसाढवळ्या मजले चढले, आज दिवसाढवळ्या डंपर रिकामे होतात.

आता नेहमीचे आक्षेप.

"मग माणसांनी राहायचं कुठे?" हा प्रश्न मला मान्य आहे. मुंबईत परवडत नाही म्हणूनच आपण इकडे आलोय, मीही त्यातलाच. मी घरं पाडा म्हणत नाहीये. मी म्हणतोय, उरलेलं खाजण आणि ओढ्यांची पात्रं सोडा. त्याचा पहिला फायदा आज इथे राहणाऱ्या माणसालाच आहे. कारण शेजारच्या प्लॉटवर सहा फूट भराव पडला की पाणी गायब होत नाही, जुन्या चाळीत येतं. नवीन टॉवरचा पोडियम कोरडा आणि बाजूच्या गावठाणात कमरेइतकं पाणी, हे याच गणिताने होतं. म्हणजे गरिबाच्या घरात पाणी ढकलून श्रीमंताचं पार्किंग कोरडं ठेवायचं. याला विकास म्हणायचं असेल तर म्हणा.

"हवामान बदललंय, पाऊसच जास्त पडतो." पडतो ना! मग पाण्याला जागा जास्त लागेल की कमी? तुम्ही जागा कमी करत चाललात आणि दोष आभाळाला देताय.

"मोठे पंप बसवू, भिंत बांधू." नेदरलँड्सवाल्यांपेक्षा भिंती बांधण्यात कुणी हुशार नाही. तो अर्धा देश भिंतींवरच जगतो. त्यांनीही या शतकात 'नदीला जागा द्या' असा कार्यक्रम हाती घेतला, बांध मागे सरकवले, नायमेखेन शहराजवळ नदीसाठी जादा प्रवाह खोदला. जे समुद्राशी शेकडो वर्षं भांडले ते नदीला जागा देतायत, आणि आपण देसाई खाडीची मोरी लहान करतोय.

अजून एक. पाण्याला हद्द कळत नाही, पण आपल्याला फक्त हद्दच कळते. शीळ, डायघर, देसाई, दिवा ठाण्यात. निळजे-काटईकडे कल्याण-डोंबिवली. दहिसरकडची १४ गावं नवी मुंबईला जोडली. मुख्य रस्ता एमएसआरडीसीकडे. पाणी मात्र सगळ्यांच्या हद्दीतून एकाच खाडीकडे जातं. तक्रार केली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. २७ गावं महापालिकेत घ्यायची की बाहेर काढायची यावर इतकी वर्षं राजकारण झालं, पण त्या गावांचं पाणी कुठे जायचं यावर एकही मोर्चा मी पाहिला नाही.

म्हणून माझ्या मागण्या. साध्या आहेत, लिहून घ्या.

१) शीळ-देसाई-दिवा-निळजे पट्ट्यातले जुने गाव नकाशे काढा, त्यावरचे ओढे, तळी, खाजण आणि उघाड्या आजच्या विकास आराखड्यावर लाल शाईने दाखवा. आणि तो नकाशा वेबसाइटवर टाका.

२) पूररेषा फक्त उल्हासला नको. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. देसाई खाडी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्याही दोन्ही रेषा आखा. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला तर काय, हे धरून आखा. भरती सोडून काढलेली पूररेषा खाडीकाठी निरुपयोगी आहे.

३) एकही नवा भराव, त्याचं पाणी कुणाच्या घरात जाणार हे दाखवल्याशिवाय मंजूर करू नका.

४) रस्ता रुंद करताना मोऱ्याही रुंद करा. 'दहिसर मोरी' हे ठिकाणाचं नावच मोरीवरून पडलंय. लोकांच्या तोंडी मोरी राहिली, इंजिनीअरच्या ड्रॉइंगमध्येही राहू द्या.

५) खारफुटीला हात लावू नका. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की खारफुटी तोडणं हे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचं आक्रमण आहे. पलीकडे ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, फ्लेमिंगोंबरोबर सेल्फी काढून झाले. त्याच पाण्याच्या या टोकाला डेब्रिस टाकायचा, हे कसं चालेल?

६) तिन्ही महापालिका, एमएमआरडीए आणि एमएसआरडीसी यांची या एका पाणलोटासाठी एकच समिती करा. आणि तिच्यात खाजण राखलेल्या गावांतली दोन-चार जुनी माणसं घ्या. सल्लागार कंपनीच्या फीपेक्षा स्वस्त पडतील आणि जास्त सांगतील.

आता तुमच्यासाठी. नवीन फ्लॅट बघायला जाल तेव्हा सेल्समनला स्विमिंग पूल कुठे आहे ते विचारू नका. विचारा, ही जमीन आधी काय होती? शेत, खाजण की ओढा? भराव किती फुटांचा? तो गप्प बसला तर गावातल्या एखाद्या आजीला विचारा, ती सांगेल. आणि मतं मागायला येतील त्यांना गटार कधी साफ करणार हे विचारू नका. माझ्या वॉर्डातला ओढा कुठे गेला, एवढंच विचारा.

तुमच्या भागात बुजवलेला ओढा, तळं, उघाडी माहीत असेल तर खाली ठिकाणासकट लिहा. जुना फोटो असेल तर टाका. यादी करू, नकाशावर मांडू आणि पुढच्या हरकती-सूचनांच्या वेळी एकत्र जाऊन देऊ. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण पाऊस यायच्या आधी भांडा.